संशयाची दिशा

(डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या स्मृतिदिनी यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने तो कायदा संमत केला. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. या हत्येमागचा सूत्रधार कोण, हा प्रश्न त्या निकालानंतरही उरला आहे. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारायला शिकवले, त्याच्या स्मरणार्थ बोलताना विषय संशयाचाच असावा, असे मला वाटले.

आपल्या बोलण्यात संशयाला मान नाही. संशयाचे भूत मानगुटीवर बसते, संशयी माणसाचा संसार सुखाचा होत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात तर संशयात्म्याचा नाश सांगितला आहे. या शिकवणीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. नवरा बायकोवर संशय घेतो तेव्हा घर उद्ध्वस्त होते. गावात लेकरू आजारी पडले आणि एखाद्या एकट्या म्हातारीवर करणीचा संशय घेतला गेला, तर तिला गाव सोडावे लागते, कधी जीवही गमवावा लागतो. मात्र या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. इथे संशय माणसावर घेतला जातो, आणि बहुतेक वेळा आपल्याहून दुबळ्या माणसावर. आज मला ज्या संशयाची बाजू मांडायची आहे तो विधानावर घ्यायचा असतो. कोणी काहीही सांगितले, तर ते कशावरून, असे विचारणारा तो संशय आहे. आपल्या जिल्ह्यात पहिल्या प्रकारचा संशय उदंड आहे, दुसऱ्या प्रकारचा तुटपुंजा आहे. संशयाची दिशा बदलली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तपास करणारा तो संशयवादी

'स्केप्टिक' हा शब्द आता मराठी बोलतानाही सर्रास कानावर येतो. कशावरच विश्वास न ठेवणारा, असा त्याचा अर्थ आपण धरून चालतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वेगळा आहे. 'स्केप्टेस्थाइ' म्हणजे निरखून पाहणे, तपासणे. 'स्केप्सिस' म्हणजे तपास आणि 'स्केप्टिकोस' म्हणजे तपासात गुंतलेला माणूस. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते ज्या प्राचीन धातूशी जोडतात, त्याच धातूपासून संस्कृतातले 'पश्यति' हे रूप आले आहे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी नकार नाही, डोळे उघडे ठेवणे आहे.

या विचाराचा आद्य पुरुष म्हणून एलिस नगरातल्या पिर्होचे नाव घेतात. तो इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला. सिकंदराच्या स्वारीबरोबर तो हिंदुस्थानापर्यंत आला आणि इथल्या नग्न संन्याशांना भेटला, असे त्याचे चरित्र लिहिणाऱ्या डायोजिनीस लेर्शियसने नोंदवले आहे. त्या भेटीत कोणी कोणाला काय दिले, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण अशा विचाराला ही भूमी परकी नव्हती. बुद्धाच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा एक आचार्य होता. परलोक आहे काय, असे विचारले तर तो 'आहे' म्हणत नसे आणि 'नाही'ही म्हणत नसे. बुद्धाचे दोन अग्रगण्य शिष्य, सारिपुत्त आणि मोग्गल्लान, आधी याच संजयाचे शिष्य होते. आणि ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका, हा बुद्धाने कालाम लोकांना केलेला उपदेश या सभागृहातल्या अनेकांना ठाऊक आहे.

पिर्होनंतर सुमारे पाच शतकांनी सेक्स्टस एम्पिरिकस झाला. पिर्होच्या मताचे सविस्तर ग्रंथ आपल्यापर्यंत पोचले ते त्याच्यामुळे. तो पेशाने वैद्य होता. त्याने ग्रंथाच्या आरंभीच माणसांचे तीन वर्ग केले आहेत. काही जण म्हणतात, सत्य आम्हाला सापडले. काही म्हणतात, ते कोणालाच सापडणे शक्य नाही. आणि तिसरे शोधत राहतात. संशयवादी म्हणजे हे तिसरे. दुसऱ्या वर्गाला त्याने आपल्यात घेतलेले नाही, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. 'सगळेच खोटे असते, काही कळायचे नाही' असे म्हणणारा माणूस स्वतःला मोठा चिकित्सक समजतो, पण त्यानेही शोध थांबवलेलाच असतो.

मराठीत आपण 'चिकित्सा' हा शब्द रोगाच्या उपचारासाठी वापरतो आणि विचारांच्या परीक्षेसाठीही. सेक्स्टस वैद्य होता, दाभोलकरही डॉक्टर होते. रोग्याच्या बाबतीत खात्री आणि घाई यांची किंमत काय मोजावी लागते, हे त्या पेशात रोज दिसते.

निर्णयाकडे नेणारा संशय

आपल्या न्यायदर्शनाने संशयाला फार मानाची जागा दिली आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसरा संशय येतो. पुढे दृष्टांत, सिद्धांत, तर्क असे करत नववा येतो निर्णय. भाष्यकार वात्स्यायनाचे म्हणणे असे की, जे मुळीच माहीत नाही त्याबद्दल युक्तिवाद होत नाही, ज्याचा निश्चय झाला आहे त्याबद्दलही होत नाही. जिथे संशय आहे तिथेच युक्तिवादाला काम असते.

नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण असे. तिन्हीसांजेला दूर काहीतरी उभे दिसते. तो खांब आहे की माणूस? उंची दोघांचीही तेवढीच. हात दिसत नाहीत, आणि खांबाची ढोलीही दिसत नाही. अशा वेळी भित्रा माणूस 'भूत' म्हणून पळतो. शहाणा माणूस चार पावले पुढे जातो. दोन शक्यतांपैकी एकीकडे झुकवणारी विशेष खूण सापडेपर्यंत निर्णय लांबवणे आणि ती खूण शोधायला स्वतः पुढे जाणे, या दोन्ही गोष्टी मिळून संशय होतो. नुसता निर्णय लांबवला तर ते आळशीपण झाले.

ही परंपरा फक्त पोथ्यांत राहिली असेही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांना शाळा मिळाली नाही. पण त्यांचे कीर्तन आठवा. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. नवसाला बोकड कापणारा, कर्ज काढून तेरवी घालणारा माणूस त्या कीर्तनात स्वतःच स्वतःला उत्तर देत असे. आपल्याकडे पोळ्याच्या तोरणाखाली ज्या झडत्या म्हणतात, त्यांतही कास्तकार सावकाराला आणि सरकारला जाब विचारतो. अकोल्यात शिकलेल्या आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढला, आणि शंभर वर्षांनंतर त्याच नावाचा वारसा घेऊन दि. य. देशपांडे यांनी नागपुरातून 'आजचा सुधारक' सुरू केला. विदर्भाच्या मातीत विचारणे रुजलेले आहे. प्रश्न एवढाच की, आपण ते गरजेच्या वेळी वापरतो का.

2017 चा हंगाम

आता मी आपल्या जिल्ह्याकडे येतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे कास्तकार आणि मजूर विषबाधा होऊन वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागले. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हे चालले. 20हून अधिक माणसे दगावली, शेकडोंवर उपचार झाले. कोणाची दृष्टी अंधुक झाली, कोणाला श्वास घेता येईना, कोणी भ्रमिष्टासारखे वागू लागले.

या जिल्ह्यात विष म्हटले की आत्महत्येचा विचार आधी मनात येतो. इतकी वर्षे आपण ते दुःख पाहत आलो आहोत. पण पोटात घेतलेले विष आणि कातडीतून, श्वासातून शिरलेले विष यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात पोट धुऊन काही साधत नाही. अंगावरचे भिजलेले कपडे काढणे, अंग साबणाने धुणे, श्वास सांभाळणे हे आधी करावे लागते. शिवाय विष कोणत्या गटातले, हे कळावे लागते. ऑर्गनोफॉस्फेट गटातले असेल तर अॅट्रोपिनचा उपयोग होतो. डायफेनथियुरॉनसारख्या कीटकनाशकाला खास असा उतारा नाही. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी केली तर ऑर्गनोफॉस्फेटची बाधा ओळखता येते, आणि ती सोय त्या वेळी यवतमाळच्या रुग्णालयात नव्हती. म्हणजे जिथे विशेष खूण शोधायची, तिथे ती दाखवणारे साधनच हाताशी नव्हते.

मग कारणमीमांसा सुरू झाली. सगळ्यात आधी जे उत्तर पुढे आले ते असे: कास्तकारांनी काळजी घेतली नाही. तोंडाला रुमाल नाही, हातमोजे नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारा मारला, दोन-तीन औषधे एकत्र कालवली. यातले प्रत्येक वाक्य थोडेफार खरे होते. म्हणूनच ते चटकन पटले. संशय माणसावर गेला, तोही मेलेल्या माणसावर, आणि तिथेच थांबला.

दुसऱ्या प्रकारचा संशय इथे काय विचारतो? तो विचारतो, याच वर्षी का? रुमाल तर त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. हातमोजे दहा वर्षांपूर्वीही नव्हते. जी गोष्ट दरवर्षी सारखीच होती, ती एकाच वर्षी एवढे मृत्यू कसे घडवील? हा एक प्रश्न विचारला की दारे उघडू लागतात. बीटी कपाशीला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देईनाशी झाली. फवारण्या वाढल्या. त्या हंगामात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे फवारा खाली पडण्याऐवजी तोंडावर येत होता. हवा दमट होती. जास्त दाबाने बारीक तुषार सोडणारे बॅटरीचे पंप आले होते. आणि कोणते औषध कशात मिसळायचे हा सल्ला बहुतेकांना कृषी अधिकाऱ्याकडून मिळत नव्हता, तो औषध विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर मिळत होता.

यांतले एकच कारण खरे आणि बाकी खोटी, असे मी म्हणत नाही. सरकारने विशेष तपास पथक नेमले, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका गेली. 2020 मध्ये जिल्ह्यातल्या 51 कुटुंबांनी स्वित्झर्लंडमध्ये तक्रार नेली. एका वाचलेल्या कास्तकाराच्या आणि दोन विधवांच्या वतीने तिथे दिवाणी दावाही उभा राहिला. ज्या कीटकनाशक कंपनीविरुद्ध हे सारे होते, तिने जबाबदारी नाकारली. माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट ही की, ज्यांच्यावर संशय घेतला गेला होता त्यांनीच पुरावे गोळा केले आणि दुसऱ्याच्या दाव्याला प्रश्न विचारला. पोलिसांच्या नोंदी, दवाखान्याचे कागद, घरात उरलेल्या बाटल्या हा त्यांचा पुरावा होता.

जरा ती बाटलीच हातात घेऊन पाहू. तिच्यावर एका टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण. वरच्या त्रिकोणात धोक्याचा शब्द, खालचा रंगीत. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी चार रंग ठरवले आहेत: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. प्रयोगशाळेत प्राण्यांना किती मात्रा दिली की त्यांतले निम्मे दगावतात, यावर हा रंग ठरतो. लाल रंगासाठी ती मात्रा तोंडावाटे शरीराच्या एका किलो वजनामागे 1 ते 50 मिलिग्रॅम, हिरव्यासाठी 5,000 मिलिग्रॅमच्या वर. ही माहिती उपयोगाची आहे, ती प्रत्येकाला वाचता आली पाहिजे. पण तिच्यावरही प्रश्न विचारला पाहिजे. हा रंग एका औषधाचा आहे. पंपात तीन औषधे कालवली तर त्या मिश्रणाचा रंग कोणता? सकाळी आठपासून दुपारपर्यंत ओला सदरा अंगावर ठेवून वावरात फिरणाऱ्या माणसाचे काय, ते हा त्रिकोण सांगतो काय? लेबलावरची अक्षरे संध्याकाळी घरच्या दिव्याखाली पन्नाशीच्या माणसाला वाचता येतील एवढी तरी मोठी आहेत काय? असे विचारणाऱ्याला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. पण सेक्स्टसने ज्याला शोधणारा म्हटले, तो माणूस हाच.

संशयाचा धंदा

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. संशयाचा वापर सत्य झाकायलाही होतो. 1969 साली अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहिले होते की, संशय हेच आपले उत्पादन आहे. सिगारेटने कर्करोग होत नाही, हे त्यांना सिद्ध करायचे नव्हते. 'अजून नक्की झालेले नाही', 'आणखी संशोधन हवे' एवढेच लोकांच्या मनात राहिले की त्यांचे काम होत होते. हवामान बदलाबाबत, विषारी रसायनांबाबत पुढे हाच डाव जगभर खेळला गेला.

मग खरा संशय आणि विकाऊ संशय कसा ओळखायचा? मला दोन खुणा महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, खरा संशय घेणारा आधीच सांगतो, अमुक पुरावा दाखवा, मी माझे मत बदलीन. विकाऊ संशयाला कोणताही पुरावा पुरत नाही. दुसरी खूण अशी की, खरा संशय स्वतःच्या बाजूवरही चालतो. 2017 मध्ये 'कास्तकारच चुकला' या विधानाला जसा पुरावा मागायचा, तसाच 'सगळे जाणूनबुजून केले' या विधानालाही मागायचा. ज्याच्या बाजूने माझे मन आहे, त्याच्या दाव्याला सूट दिली तर मी तपास करत नाही, वकिली करतो.

दाभोलकरांची रीत

दाभोलकरांच्या कामात या दोन्ही खुणा स्पष्ट दिसतात. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. चमत्काराचा दावा करणाऱ्याला समितीने आव्हान दिले की, तुम्ही आणि आम्ही मिळून आधी अटी ठरवू, त्या अटींत चमत्कार करून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. श्रीलंकेत अब्राहम कोवूर यांनी ही रीत आधी वापरली होती. तिचा गाभा अटी आधी ठरवण्यात आहे. दावा करणाऱ्याला पळवाट राहत नाही आणि आव्हान देणाऱ्यालाही निकाल फिरवता येत नाही.

समितीच्या चतुःसूत्रीत शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध आहे, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार आहे, धर्माची विधायक चिकित्सा आहे आणि व्यापक समाजपरिवर्तनाशी नाते आहे. 'शोषण करणाऱ्या' हे शब्द मी मुद्दाम उच्चारतो. लोकांच्या देवावर त्यांनी संशयाचा रोख धरला नाही. दुःखात सापडलेल्या माणसाकडून पैसे, अब्रू किंवा जीव घेणाऱ्याच्या दाव्यावर धरला. 2013 च्या कायद्याची अनुसूची वाचली की हीच दिशा दिसते. कोणाला चेटूक किंवा करणी करणारी ठरवून छळणे हा तिच्याखाली गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्राच्या नादी लावणे हाही गुन्हा आहे. ज्या जिल्ह्यात कापूस वेचताना, निंदण करताना साप चावण्याची भीती रोजची आहे, तिथे या दुसऱ्या कलमाने माणसे वाचतात. पहिले कलम माणसावरचा संशय रोखते, दुसरे दाव्यावर संशय घ्यायला लावते.

आणि हे केवळ समितीचे काम नाही. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे एक आहे. कर भरण्यासारखी सक्ती त्याला नाही, पण राज्यघटनेने प्रश्न विचारण्याला कर्तव्य म्हटले आहे, ही जगाच्या पाठीवर मोलाची गोष्ट आहे.

गावात काय करता येईल

आज ऑगस्टची 20 तारीख आहे. फवारणीचे दिवस आहेत. या सभागृहातल्या अनेकांच्या वावरात या आठवड्यात पंप पाठीवर घेतला जाणार आहे. म्हणून शेवटी मी मागणी करतो, ती अगदी साधी आहे.

प्रत्येक ग्रामसभेत फवारणीच्या हंगामाआधी तीन प्रश्न जाहीरपणे विचारले जावेत, आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहिली जावीत. पहिला: आपल्या गावात कोणती औषधे विकली जात आहेत, आणि ती एकत्र कालवायला कोणी, कोणत्या आधारावर सांगितले? दुसरा: विषबाधा झाली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणती तपासणी आणि कोणता उतारा आज उपलब्ध आहे? तिसरा: फवारणी मजुराने करायची असेल तर त्याचे अंग झाकण्याची जबाबदारी कोणाची? कृषी सहायक, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, दुकानदार आणि मोठे कास्तकार यांच्यासमोर हे विचारायचे आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. ज्याच्याकडे उत्तर आहे तो ते आनंदाने देईल. ज्याच्याकडे नाही, त्याला ते शोधावे लागेल, आणि तेवढ्यानेही पुढचा एखादा जीव वाचेल.

शाळेतल्या शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. पोरगा 'कशावरून?' म्हणाला की आपण त्याला उद्धट म्हणतो. पोरीने तेच विचारले तर तिला जास्तच आगाऊ ठरवतो. त्याच पोरांना उद्या सावकाराच्या कागदावर, बियाण्याच्या पिशवीवर, बुवाच्या अंगाऱ्यावर आणि पुढाऱ्याच्या भाषणावर हाच प्रश्न विचारायचा आहे. तो त्यांना वर्गात विचारता आला नाही तर बाहेर कुठून येणार?

दुबळ्यावर संशय घ्यायला धैर्य लागत नाही. ज्याचे बोलणे ऐकले जाते, ज्याच्या हाती माल, सत्ता किंवा मंत्र आहे, त्याच्या दाव्याला पुरावा मागायला धैर्य लागते. दाभोलकरांनी ते धैर्य सनदशीर मार्गाने, सभ्य शब्दांत आणि शेवटच्या दिवसापर्यंत दाखवले. त्यांचे स्मरण करायचे तर आपापल्या गावच्या ग्रामसभेत उभे राहून ते तीन प्रश्न विचारू या, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारू या.